शेवटच्या दृश्यातला ग्लास

यादी क्रमांक एकशे चौसष्ट गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आली आणि दुसरा घास त्याच्या तोंडातच घोळत राहिला. पाठवणाऱ्याचं टोपणनाव होतं 'तळमजला'. एकाखाली एक दहा सिनेमे, नीट आकडे घालून, आणि शेवटी नियमाप्रमाणे एक वाक्य. खरं तर वाक्यं तीन होती, तिथेच त्याला पहिला खडा लागला. 'वरच्या मजल्याचं पाणी हा सिनेमा मी दोनदा पाहिला. शेवटच्या दृश्यात ग्लास नाही. मोजणाऱ्याला माहीत असावं म्हणून लिहिलं.' त्याने फोन पालथा ठेवला, घास गिळला, पाणी प्यायला आणि फोन पुन्हा उचलला. वाक्यं तीनच होती. कुठे टोमणा नाही, कुठे उद्गारचिन्ह नाही, आणि हेच त्याला जास्त लागलं. चिडलेला माणूस कळतो, खोडसाळ माणूस कळतो. हे कोण शांतपणे दार वाजवून उंबऱ्याबाहेर उभं राहिलंय, ते त्याला कळेना. ग्लास नाही म्हणजे काय? म्हातारी ग्लास विसळते, ओट्यावर पालथा घालते, जरा थांबते, मग कुणीतरी येणार असल्यासारखा तो सुलटा करून ठेवते आणि अंधार होतो. त्याने स्वतः पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि आपल्या लेखात त्यावर चार परिच्छेद लिहिले होते, आणि ते परिच्छेद बरे उतरले होते हेही त्याला ठाऊक होतं.

तो दात बनवायचा. एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात दातांची प्रयोगशाळा होती, तिथे तीस वर्षं तो मेण, प्लास्टर आणि भट्टी यांच्यात बसून लोकांच्या तोंडात बसणाऱ्या वस्तू घडवत होता. वरच्या मजल्यावरून डॉक्टर साचा पाठवत, सोबत रंगांच्या पट्टीवरचा एक आकडा, आणि तो त्या माणसाला कधीही न पाहता त्याचा दात करत असे. या कामाने त्याला एक खोड लावली होती. खोटा दात ओळखू येतो तो वाईट असतो म्हणून नव्हे, फार चांगला असतो म्हणून. खऱ्या दाताला कुठेतरी पिवळसर झाक असते, एखादी बारीक चीर असते, शेजाऱ्याशी त्याचं पूर्ण पटत नाही. खोट्याचं सगळं पटतं. ही समज तळघरात ठेवून घरी जावं, असं त्याला कधी वाटलं नाही. कुणी फार नीट उत्तर दिलं की त्याच्या मनात पाल चुकचुके. दुकानदार हसून बोलला की तो वजनाकडे बघे. बायको लग्नानंतर दोन-तीन वर्षं यावर हसायची, पुढे हसणं थांबलं आणि तिने प्रश्नांना लहान उत्तरं द्यायला सुरुवात केली. लहान उत्तरांचाही त्याला संशय यायचा, ती गोष्ट वेगळी.

या खोडीचं एका ठिकाणी मात्र कौतुक होतं. 'अंधारातली मंडळी' हे त्याच्या हातचं आणि प्रोफेसरच्या हातचं रोप. प्रोफेसर म्हणजे त्याचा बावीस वर्षांचा मित्र. शिकवायचा नव्हे, लिफ्ट दुरुस्त करायचा, पण कुठल्याही विषयावर पाऊण तास बोलायचा म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. दोघांनी मिळून सिनेमावेड्यांसाठी इंटरनेटवर एक कट्टा काढला तेव्हा सभासद नऊ होते. आता चारशेच्या वर गेले होते, आणि त्यातल्या पावणेचारशेंची तोंडं दोघांनीही पाहिली नव्हती. 'बाल्कनी', 'अर्धं तिकीट', 'खुर्ची मोडकी', 'दार उघडू नका' अशा नावांनी माणसं यायची, भांडायची, नाहीशी व्हायची. दरवर्षी शेवटच्या महिन्यात मतदान. प्रत्येकाने वर्षातले आपले दहा आवडते सिनेमे उतरत्या क्रमाने पाठवायचे, पहिल्याला दहा गुण, दहाव्याला एक. याद्या सगळ्या त्याच्याकडे येत, तो मोजे, आणि प्रत्येक यादीला फक्त एक शब्द उत्तर देई, 'पोहोचली'. मंडळीत त्याचं टोपणनावच 'दारवान' होतं. आणि दारवानाने काढलेली एक रीत सगळीकडे गाजलेली होती. यादीतल्या कोणत्याही एका सिनेमाची 'खूण' द्यायची, म्हणजे जाहिरातीत, पोस्टरवर, कुठेही न दिसणारी त्या सिनेमातली एक बारीक गोष्ट एका वाक्यात लिहायची. माणसाने सिनेमा शेवटपर्यंत पाहिलाय याचा तो पुरावा. खूण चुकली की यादी बाद. सहा वर्षांपूर्वी 'मध्यंतर' नावाच्या एका गृहस्थांनी खुणेत एक लंगडा कुत्रा लिहिला होता. त्या सिनेमात कुत्रा नव्हता. त्याने यादी बाद केली आणि कारण सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. मध्यंतर परत आले नाहीत. तेव्हा प्रोफेसर म्हणाला होता, म्हातारा माणूस आहे, कशाला; आणि तो म्हणाला होता, कुत्रा नाही म्हणजे नाही.

त्या दुपारी भट्टीत दातांवर बसवायच्या दोन कॅप भाजायला ठेवून त्याने आतापर्यंतच्या सगळ्या याद्या उघडल्या. 'वरच्या मजल्याचं पाणी' अठ्ठेचाळीस याद्यांत होता आणि मोजणी तिथल्या तिथे संपवली असती तर पहिला आला असता. याचा त्याला आठवडाभर चोरून आनंद होत होता, हे कबूल करायला हवं. इतक्या वर्षांत त्याचा पहिल्या क्रमांकाचा सिनेमा मंडळीच्या पहिल्या दहात एकदाही आला नव्हता. दारवानाला आवडला म्हणजे सिनेमा आडवा झाला, अशी चेष्टा चाले. यंदा चेष्टा थांबली होती. आता मात्र त्याने अठ्ठेचाळीस खुणा एकाखाली एक काढल्या आणि त्यांच्याकडे दातांकडे बघावं तसं बघितलं. सदतीस जणांनी भलत्याच सिनेमांच्या खुणा दिल्या होत्या किंवा या सिनेमातल्या जिन्याच्या, बादलीच्या, शेजारणीच्या चपलेच्या. अकरा जणांनी ग्लास लिहिला होता. शब्द वेगवेगळे, पण ग्लास तोच. विसळलेला, पालथा, मग सुलटा. अकरा माणसं एकाच ग्लासाजवळ कशी येतात? यात खूप काही पटत होतं, आणि पटणाऱ्या गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता.

शुक्रवारी त्याने रजा टाकली. बायको रक्त तपासणी केंद्रात रक्त घ्यायला बसायची, सकाळी सातलाच गेली. जाताना तिने बरं नाही का असं विचारलं आणि त्याने डोकं दुखतंय असं सांगितलं. बैठकीचे पडदे ओढून, दिवा बंद करून त्याने सिनेमा पुन्हा लावला. तो आता घरबसल्या बघायला मिळत होता. एक तास बावन्न मिनिटं तो हलला नाही. म्हातारी तिसऱ्या मजल्यावर राहते, पाणी वर चढत नाही, ती दिवसातून चार वेळा बादली घेऊन जिना उतरते-चढते. शेवटी एकदा ती बादली ओट्यापाशी ठेवते, कमरेवर हात ठेवून उभी राहते, आणि अंधार. ग्लास नव्हता. त्याने शेवटची दहा मिनिटं मागे नेऊन पाहिली. पुन्हा पाहिली. ओट्यावर एक पातेलं होतं, एक कपडा होता, ग्लास नव्हता. पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची रेघ त्याच्या गुडघ्यावर पडली होती, तेवढंच खरं वाटत होतं. माणूस अशा वेळी स्वतःवर शंका घेईल असं कुणाला वाटेल, पण तो तसा नव्हता. त्याच्या मनात आलं की सिनेमा बदललाय. थिएटरात एक दाखवला, घरी दुसरा. त्याने सिनेमा बनवणाऱ्या कंपनीला पत्र पाठवलं आणि तासाभरात, जरा आश्चर्यानेच, उत्तर आलं: एकच प्रत आहे, काहीही कापलेलं नाही, आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.

तेव्हा मग उरलं ते असं. ग्लास त्याच्या लेखात होता आणि सिनेमात नव्हता. म्हणजे ज्यांनी ग्लास लिहिला त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता, त्याचा लेख वाचून मत ठोकलं होतं. हे उमगल्यावर त्याला काय वाटावं? त्याला सुटका वाटली. आपल्या चुकीची बोच राहिली बाजूला, हातात अकरा चोर आले होते. जणू ग्लास त्याने मुद्दाम पेरून ठेवला होता आणि माणसं त्यावर पाय देऊन पकडली गेली होती. दुपारपर्यंत तो इतका पुढे गेला की हे अकरा जण आपापले आले नाहीत, त्यांना कुणीतरी आणलंय, असं त्याचं ठरून गेलं. अकरांपैकी सहा याच वर्षी सभासद झालेले. सभासद कोण करून घेतं? प्रोफेसर. आणि प्रोफेसरची मेहुणी त्याच सिनेमा कंपनीत कामाला आहे, हे त्यानेच कधीतरी चहा पिताना सांगितलं होतं. अकरावी यादी खुद्द प्रोफेसरची होती. ती त्याने सगळ्यांत खाली सरकवून ठेवली होती, गुरुवारपासून, मुद्दाम न बघता. आता त्याने ती वर घेतली. यादी बाद करायला दोघांची संमती लागायची, तोही त्यांचाच, मध्यंतरांनंतर केलेला नियम. रविवारी सहाला निकाल जाहीर व्हायचा होता. अकरा याद्या बाद केल्या तर मंडळी फुटणार, आणि बावीस वर्षांचा मित्र जाणार. नाही केल्या तर दारवान कसला. त्याने अकरा याद्या छापून घेतल्या, कागद पाठपोट न वापरता, आणि प्रत्येकीत ग्लासाच्या वाक्याखाली लाल रेघ ओढली.

शनिवारी दुपारी प्रोफेसर एका तेरा मजली इमारतीच्या माथ्यावर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत होता. खालून फोन केल्यावर म्हणाला, वर ये, जिन्यानेच यावं लागेल, लिफ्ट माझ्या हातात आहे. तो धापा टाकत पोहोचला तेव्हा प्रोफेसर मोठ्या चाकावरचा दोर बोटांनी चाचपत होता. तुटलेली तार डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना लागते, हे त्याचं आवडतं व्याख्यान. खोलीत तेलाचा वास होता आणि झरोक्यातून उजेड येत होता. प्रोफेसरने हात पुसले, एक डबा उलटा करून त्याला बसायला दिला, आणि त्याने बसण्याऐवजी हत्यारांच्या बाकावर अकरा कागद मांडायला सुरुवात केली. सहा वर, पाच खाली, सरळ रेषेत. मांडता मांडता सगळं सांगितलं. तळमजला, ग्लास, कंपनीचं पत्र, सहा नवे सभासद. मेहुणीचं सांगताना आवाज जरा खाली गेला, पण सांगितलं. प्रोफेसरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की मेहुणी तिथे जेवणाची व्यवस्था बघते, तिला सिनेमाचं नावसुद्धा सांगता येणार नाही. आणि सहा नव्यांपैकी चार याचेच लेख वाचून आले होते, तसं त्यांनी अर्जात लिहिलं होतं. एवढं बोलून त्याने स्वतःची यादी उचलली, लाल रेघेकडे बघितलं.

"पण ग्लास होता की," प्रोफेसर म्हणाला.

तो म्हणाला, नाही.

"अरे, निळसर काचेचा. काठाला टवका उडालेला. ती टवक्यावरून अंगठा फिरवते." त्याने स्वतःचा तेलकट अंगठा हवेत फिरवून दाखवला. "मला आत्ता दिसतोय. तू मला खोटं पाडतोयस?"

"तू सिनेमा पाहिलाच नाहीस," तो म्हणाला. तोंडातून गेलं आणि मग त्याला ऐकू आलं.

प्रोफेसरने यादी पुन्हा तिच्या जागी, रेषेत ठेवली. "मी तुझ्या शेजारी बसलो होतो," तो म्हणाला. "बुधवार होता. तुझी छत्री माझ्या पायावर ठिबकत होती, संपेपर्यंत मी पाय हलवला नाही. आता बोल."

छत्री त्याला आठवली. छत्रीचं पाणी आणि प्रोफेसरचा बूट, आणि अंधारात त्याचा जड श्वास. हा माणूस तिथे होता, डोळे उघडे ठेवून होता, आणि त्याला नसलेल्या ग्लासाचा नसलेला टवका दिसत होता. लेखात तर टवका नव्हताही. प्रोफेसर चाकाकडे वळला आणि पाठ करूनच म्हणाला की बाद करायच्या असतील तर कर, माझी संमती समज, फक्त माझ्यापासून सुरुवात कर. आणि मग, हात थांबवून, राग नसलेल्या आवाजात, "हे असं कागद मांडून बसणं मी तुझ्याकडे एकदा पाहिलंय. त्या वेळी मी गप्प बसलो. बसायला नको होतं."

तेरा मजले उतरताना त्याला मजले मोजता आले नाहीत. प्रोफेसर त्या संध्याकाळी घरी आला होता खरा, काहीतरी परत करायला, आणि दारातच उभा राहिला होता. जेवणाचं टेबल. टेबलावर कागद. चार वर्षं झाली. लेक तेव्हा एकोणीस वर्षांची होती, कॉलेजला म्हणून जायची आणि कॉलेजात नसायची. त्याने आधी विचारलं नव्हतं, आधी जमवलं होतं. हजेरीचा तक्ता, बसची तिकिटं, फोनचं बिल, तिच्या मैत्रिणीच्या आईशी सहज म्हणून केलेलं बोलणं. सगळं टेबलावर मांडून झाल्यावर तिला बोलावलं होतं. ती म्हणाली, सिनेमाला जाते. दुपारच्या खेळाला, एकटीच. त्याला वाटलं, बापाची दुखरी नस बघून बरोबर तिथेच बोट ठेवलंय. फारच नीट उत्तर होतं ते. कुणाबरोबर, त्याने विचारलं. एकटीच, ती म्हणाली, आणि पर्समधून तिकीट काढून ठेवलं. तिकिटं काय, रस्त्यावर सापडतात. तेव्हा त्याने तो प्रश्न विचारला होता, ज्याचा त्याला अभिमान होता. खूण सांग. परवाच्या सिनेमाची एक खूण सांग. सिनेमा त्याचाही पाहून झालेला होता. ती बराच वेळ विचार करून म्हणाली की बसच्या खिडकीशी बसून ती बाई केस विंचरते आणि तिचा कंगवा बाहेर पडतो, रस्त्यावर, आणि बस थांबत नाही. हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. आता जिन्यात त्याला तो उजळलेला चेहरा दिसला. तेव्हा त्याला फक्त कंगवा ऐकू आला होता. त्या सिनेमात बस होती, बाई होती, खिडकी होती. कंगवा नव्हता. कंगवा नाही म्हणजे नाही. मला दिसला, बाबा, ती म्हणाली. दोनदा म्हणाली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि बाहेरच्या दारात प्रोफेसर, आणि तो विजयी मुद्रेने कागद गोळा करत होता. तीन महिन्यांनी लेकीने दुसऱ्या शहरात नोकरी धरली, फोनचा नंबर बदलला. नवा नंबर बायकोकडे होता. त्याने मागितला नव्हता. मागितला तर मिळणार नाही, अशी त्याला धास्ती होती.

सहाव्या की पाचव्या मजल्यावर तो कठड्याला धरून थांबला. एक बाई पिशवी घेऊन वर येत होती, तिने विचारलं, चक्कर येतेय का, पाणी आणू का. तो म्हणाला, नको, लिफ्ट बंद आहे म्हणून जरा दम लागला. ती वर गेली. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती इतकी साधी होती की चार वर्षं ती न दिसण्याला आंधळेपणाशिवाय शब्द नव्हता. सिनेमा पाहिलेल्या माणसालाही नसलेली गोष्ट दिसते. प्रोफेसरला दिसली. त्याला स्वतःला दिसली, आणि त्यावर त्याने चार परिच्छेद लिहिले. मग नसलेली गोष्ट दिसली म्हणून सिनेमा पाहिला नाही, हे ठरतं कसं? अकरांचं ठरत नव्हतं. मध्यंतरांच्या लंगड्या कुत्र्याचं ठरत नव्हतं. आणि कंगव्याचं तर मुळीच नाही. खोटं बोलणाऱ्या पोरीने सिनेमात असलेलंच काहीतरी सांगितलं असतं, विचारून, वाचून, घोकून. नसलेला कंगवा खरोखर बघणाऱ्यालाच दिसला असता. त्याला रडू आलं, पण जिन्यात माणसं होती म्हणून त्याने ते आवरलं.

घरी आला तेव्हा बायको आंघोळीला गेली होती. तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि ओट्यापाशी उभा राहिला. जाळीच्या घडवंचीवर तीन ग्लास होते, धुतलेले. घरात माणसं दोन. तिसरा ग्लास वापरात नव्हता, तरी ओला होता. त्याने त्याला हात लावला नाही. बायको रोज संध्याकाळी कामावरून आली की तो विसळायची, पालथा घालायची, मग सुलटा करायची. चार वर्षं तो बाहेरच्या खोलीतून, वर्तमानपत्राच्या वरून, हे बघत आला होता, आणि बघतोय हे त्याने स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. डोळ्यांनी बघून ठेवलं आणि संधी मिळताच दुसऱ्याच एका म्हातारीच्या हाती दिलं. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की तळमजला म्हणजे लेकच तर नसेल. तिलाच ठाऊक असणार, बाप मोजतो ते. ती कधी सभासद झाली, कुठून यादी पाठवली, आधीच्या याद्यांत काय काय लिहिलं, हे सगळं शोधता आलं असतं, पंधरा मिनिटांचं काम. हात खिशातल्या फोनपर्यंत गेलाही. मग तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसला आणि हात मांडीखाली घालून बसला.

रविवारी दुपारी त्याने निकाल लिहिला. एकशे नव्वद याद्या आल्या, एकशे एकोणनव्वद मोजल्या. बाद एक, दारवानाची. कारण त्याने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: सिनेमात नसलेला ग्लास मी तुमच्या डोळ्यांसमोर ठेवला, ज्यांना तो दिसला त्यांच्या याद्या मोजल्या आहेत, कारण त्यांनी सिनेमा पाहिला नाही असं मला म्हणता येत नाही. यापुढे खूण मागितली जाणार नाही. 'वरच्या मजल्याचं पाणी' दोन गुणांनी दुसरा आला. मध्यंतरांच्या जुन्या पत्त्यावर त्याने वेगळं पत्र धाडलं, तो पत्ता आता चालू नाही असं उत्तर आलं. तळमजल्याला त्याने इतरांसारखंच लिहिलं, पोहोचली, आणि पुढे काही जोडायचं नाही म्हणून लगेच पाठवून टाकलं. प्रोफेसरला मसुदा दाखवला होता. त्याचं उत्तर आलं की शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत आणि उद्या लिफ्ट सुरू होईल, चहाला ये.

सहा वाजता निकाल लावून तो स्वयंपाकघरात आला. बायको भाजी निवडत होती. तो समोर बसला आणि एक जुडी आपल्याकडे ओढून निवडू लागला. तिने एकदा बघितलं आणि पुन्हा निवडू लागली.

"त्या दिवशी ती सिनेमालाच गेली होती," तो म्हणाला.

कोण, कुठला दिवस, असं तिने विचारलं नाही. "हो," ती म्हणाली.

"तुला तिने नंतर सांगितलं?"

"नंतर कशाला? तेव्हाच म्हणाली की, सिनेमाला जाते म्हणून."

"आणि तू काय विचारलंस?"

"काय विचारणार. कसा होता म्हटलं."

त्याच्या हातातलं देठ तुटलं. घशाशी सात-आठ प्रश्न एकदम आले, नेहमीचेच. ती बोलते का तुझ्याशी, किती वेळा, कुठून, माझं काय म्हणते, मला का कळू दिलं नाहीस. त्याने ते सगळे तिथेच थोपवले, आणि थोपवायला इतके कष्ट पडतात हे त्याला पहिल्यांदा कळलं. मग म्हणाला की तिचा नंबर हवा होता. बायकोने हातातली भाजी खाली ठेवली. तिला विचारल्याशिवाय देता येणार नाही, असं ती म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली, चार वर्षं तयार असलेलं वाक्य होतं ते. तो म्हणाला, विचार.

"कशाला हवाय म्हणून सांगू?"

त्याने विचार केला. माफी हा शब्द फार गुळगुळीत झाला असता, आणि तिलाही बापाची खोड लागली असेल तर तिचा त्यावर विश्वास बसला नसता. "सांग," तो म्हणाला, "तो बसचा सिनेमा कसा होता, ते विचारायचं राहून गेलं."

बायकोने निवडलेली भाजी बाजूला सरकवली. मग पदराला हात पुसत उठली, फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. दाराला कडी नव्हती, फट राहिली होती. तिकडून नंबर लावल्याचा बारीक आवाज आला. तो उठला, ओट्यापाशी गेला आणि त्याने नळ पूर्ण सोडला, आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून.